लसीच्या सुईने दुखावलेला खांदा आणि भरपाईची तडजोड

(वाचकांचे प्रश्न : कायदा आणि आपण. या वेळी एकाच विषयावरची पत्रे एकत्र घेतली आहेत. फ्लूच्या लसीचा हंगाम संपला की या विषयाची पत्रे दरवर्षी येतात. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून एडिसन, न्यू जर्सी येथे राहते आणि हिशेबनीस म्हणून नोकरी करते. ऑक्टोबर महिन्यात घराजवळच्या फार्मसीत डाव्या दंडावर फ्लूची लस घेतली. सुई नेहमीपेक्षा बरीच वर, जवळजवळ खांद्याच्या हाडापाशी टोचल्यासारखी वाटली आणि त्याच रात्री खांदा ठणकू लागला. चार दिवसांत थांबेल अशा समजुतीने तेल लावून शेकत राहिले आणि सात आठवड्यांनी डॉक्टरांकडे गेले. पुढे फ्रोझन शोल्डरचे निदान झाले. फिजिओथेरपीच्या २२ बैठका झाल्या, कॉर्टिसोनची दोन इंजेक्शने घेतली, शस्त्रक्रिया मात्र करावी लागली नाही. आज चौदा महिन्यांनंतरही हात मागे नेता येत नाही. वकिलामार्फत वॉशिंग्टनच्या न्यायालयात दावा दाखल केला असून सरकारने माझा हक्क मान्य केला आहे. वेदनांपोटी आमच्या वकिलांनी ९०,००० डॉलर मागितले, सरकारी वकिलांनी ५२,५०० देऊ केले. माझ्या कॅलिफोर्नियातील मैत्रिणीला अशाच दुखण्यासाठी १,२०,००० मिळाले. मी ही तडजोड स्वीकारावी का? शिवाय, सुई टोचणारा मुलगा अगदी तरुण होता. माझ्यामुळे त्याची नोकरी जाईल का, ही रुखरुखही मनात आहे.

उत्तर : शेवटच्या शंकेचे उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचे आपण मोकळ्या मनाने वाचाल. त्या तरुणाचा या दाव्याशी काहीही संबंध नाही. १९८६ साली अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९८८ पासून चालत आलेल्या, लसीमुळे झालेल्या इजेची भरपाई देणाऱ्या या राष्ट्रीय योजनेत कोणाचा दोष होता हे ठरवलेच जात नाही. प्रतिवादी असतात ते केंद्रीय आरोग्य खात्याचे सचिव, त्यांच्या वतीने न्याय खात्याचे वकील उभे राहतात आणि पैसे येतात ते एका स्वतंत्र निधीतून. योजनेतील लसीच्या प्रत्येक मात्रेवर, ती जितक्या रोगांपासून संरक्षण देते तितक्यांदा, ७५ सेंट कर आकारला जातो आणि तो या निधीत जमा होतो. म्हणजे आपण ज्या सुईने दुखावलात तिच्यासाठीही हे ७५ सेंट भरले गेलेले आहेत. फार्मसीला नोटीस जात नाही आणि कोणाच्या परवान्यावर शेरा येत नाही.

आता मुख्य प्रश्न. सरकारने हक्क मान्य केला याचा अर्थ नेमका काय, ते आधी पाहू, कारण पुढच्या सौदेबाजीत आपले बळ कशात आहे आणि उणे कशात आहे ते त्यातूनच कळते. लस टोचल्यामुळे होणारी खांद्याची इजा, जिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे ‘सिर्वा’ म्हणतात, ती मार्च २०१७ मध्ये या योजनेच्या अधिकृत तक्त्यात, म्हणजे कोणत्या लसीमुळे कोणती इजा झाली असे गृहीत धरायचे त्या यादीत, आली. लस दंडाच्या स्नायूत जाण्याऐवजी फार वर टोचली गेली, तर ती खांद्याच्या सांध्यालगतच्या पिशवीसारख्या आवरणात किंवा स्नायुबंधाजवळ उतरते आणि तेथे दाह सुरू होतो. या दुखण्याचे कारण लसीच्या औषधापेक्षा सुईच्या जागेत अधिक असते. तक्त्यातील इजा सिद्ध करण्यासाठी चार गोष्टी लागतात : त्या खांद्याला आधीचे असे दुखणे नसावे की ज्यामुळे आताच्या तक्रारीचा उलगडा व्हावा, वेदना लसीनंतर ४८ तासांच्या आत सुरू झालेली असावी, वेदना आणि हालचालीवरील मर्यादा त्याच खांद्यापुरती असावी, आणि मानेतील दबलेली नस किंवा मज्जातंतूंचा अन्य विकार असे दुसरे कारण दिसू नये. याखेरीज कायद्याची सर्वसाधारण अट अशी की त्रास लसीनंतर सहा महिन्यांहून अधिक काळ टिकलेला असावा, नाहीतर रुग्णालयात दाखल होऊन शस्त्रक्रिया करावी लागलेली असावी. या अटी पूर्ण झाल्या की लसीमुळेच इजा झाली असे गृहीत धरले जाते आणि कार्यकारणभाव शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर राहत नाही. २०२१ च्या जानेवारीत ‘सिर्वा’ तक्त्यातून काढून टाकण्याचा नियमही प्रसिद्ध झाला होता. तो अमलात येण्यापूर्वीच त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये रद्द झाला. तो राहिला असता तर आपले पत्र फार निराळे असते.

आपल्या बाबतीत या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचे सरकारने मान्य केले आहे. त्यामुळे आता वाद उरला तो फक्त आकड्याचा. हा आकडा तीन भागांचा असतो. विम्याने न भरलेला वैद्यकीय खर्च, बुडालेली कमाई, आणि वेदना व मनस्ताप. पहिल्या दोन भागांत घासाघीस फारशी होत नाही, कारण तेथे पावत्या आणि पगाराची कागदपत्रे बोलतात. तिसऱ्या भागावर कायद्याने २,५०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली आहे. १९८६ मध्ये ठरलेली ही रक्कम महागाईनुसार एका डॉलरनेही वाढलेली नाही, हे मला व्यक्तिशः फार अन्यायकारक वाटते. मात्र ती मर्यादा म्हणजे मोजपट्टीचे टोक नव्हे. ‘सर्वांत वाईट इजेला अडीच लाख, मग माझ्या इजेला किती टक्के’ असा हिशेब न्यायालय करत नाही. ते आधी आपल्या वेदनेचे मोल स्वतंत्रपणे ठरवते आणि ते मर्यादेपलीकडे गेले तरच कात्री लावते.

वेदनेचे मोल ठरते तरी कसे? तीन गोष्टी पाहिल्या जातात : दुखापतीची जाणीव, तिची तीव्रता आणि तिचा कालावधी. प्रौढ, शुद्धीवर असलेल्या अर्जदाराच्या बाबतीत जाणिवेचा वाद नसतो. उरतात तीव्रता आणि कालावधी, आणि या दोहोंचा पुरावा म्हणजे आपल्या डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टांनी त्या त्या दिवशी लिहून ठेवलेल्या नोंदी. दहापैकी वेदना किती, हात समोरून किती अंशांपर्यंत उचलला जातो, बाजूने किती, बाहेर वळतो किती, हे सारे तेथे तारखेनिशी असते. निरोगी खांदा समोरून १८० अंशांच्या आसपास उचलला जातो. आपला पहिल्या बैठकीत ८० वर अडत असेल आणि बाविसाव्या बैठकीतही १४० च्या पुढे जात नसेल, तर हे दोन आकडे वकिलाच्या दहा पानांपेक्षा अधिक काम करतात.

येथे आपल्या मंडळींच्या एका सवयीविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. डॉक्टरांनी ‘कसे आहे?’ विचारले की आपण ‘बरं आहे, थोडंसं दुखतं’ म्हणतो. लहानपणापासून आपल्याला कुरकुर न करण्याचे वळण लागलेले असते. अमेरिकन दवाखान्यात मात्र हे उत्तर ‘रुग्णाची प्रकृती सुधारत आहे, वेदना किरकोळ’ असे टंकलिखित होते आणि दोन वर्षांनी सरकारी वकील ते वाक्य तसेच्या तसे न्यायालयापुढे ठेवतात. घरी मात्र आपल्याला वेणी घालता येत नसते, मागचा हूक लावता येत नसतो, पोळी लाटताना दर दोन पोळ्यांनी हात खाली ठेवावा लागत असतो आणि रात्री कूस बदलली की जाग येत असते. यांतील एकही गोष्ट डॉक्टरांच्या नोंदीत नसेल, तर ती आजही आपल्या आणि घरच्यांच्या लेखी निवेदनांतून पुढे आणता येते. समकालीन नोंदीइतके वजन त्याला मिळत नाही, हे खरे. पण नोंदींशी विसंगत नसलेले, तपशीलवार, अतिशयोक्ती नसलेले निवेदन न्यायालय विचारात घेते. आपण दिलेले नसल्यास आपल्या यजमानांचे आणि एखाद्या सहकाऱ्याचे निवेदन वकिलांना आताच द्यावे.

आपल्या फाइलमधील उणी बाजू म्हणजे ते सात आठवडे. हक्क ठरवताना त्या विलंबाने आपले नुकसान झाले नाही, कारण वेदना पहिल्या रात्रीच सुरू झाल्याचे आपण पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगितलेले दिसते. परंतु रक्कम ठरवताना ‘इतके दुखत होते तर सात आठवडे थांबल्या कशा?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि विलंबाकडे सौम्य दुखण्याचे लक्षण म्हणून पाहिले जाते. आपले उत्तर साधे आणि खरे आहे : लसीनंतर हात दुखतोच असे सगळे सांगतात, म्हणून आपण वाट पाहिली. या काळात वेदनाशामक गोळ्या घेतल्याचा, कामावरच्या एखाद्या संदेशात खांद्याचा उल्लेख केल्याचा काही माग असेल तर शोधावा. आपल्याला मधुमेह असल्यास तोही मुद्दा निघू शकतो, कारण मधुमेहींमध्ये फ्रोझन शोल्डर एरवीही अधिक आढळतो. दोन इंजेक्शने आणि २२ बैठका ही आपली भक्कम बाजू आहे, आणि चौदा महिन्यांनंतरची मर्यादा ताज्या तपासणीत नोंदली गेली असेल तर ती आणखी भक्कम होते. शेवटची तपासणी सहा महिन्यांपूर्वीची असेल तर पुढचा आकडा कळवण्याआधी एकदा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून यावे. भरपाईसाठी मुद्दाम जाणे नको, असे वाटू देऊ नये. हात मागे जात नसेल तर तसेही जायलाच हवे.

मैत्रिणीच्या आकड्याविषयी. आपण लिहिले नसले तरी माझा अंदाज असा की तिच्या खांद्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असावी. या न्यायालयाचे निर्णय प्रसिद्ध होतात आणि ते वाचले की एक ढोबळ पातळी दिसते : शस्त्रक्रिया झालेल्यांना वेदनांपोटी बहुधा १,००,००० डॉलरच्या वर रक्कम मिळते, शस्त्रक्रिया न झालेल्या, पण दीर्घ उपचार घेतलेल्या अर्जदारांना ६०,०००, ७५,०००, ८५,००० अशा रकमा दिल्याचे अनेक निर्णय आहेत, आणि लवकर बऱ्या झालेल्या, मोजके उपचार घेतलेल्यांना त्याहून कमी. या दृष्टीने पाहता ५२,५०० हा आकडा अपमानास्पद नाही, पण सरकारचा पहिला आकडा आहे आणि पहिला आकडा पहिल्यासारखाच असतो. आपल्या वकिलांचे ९०,००० हीही सुरुवातच होती. आपण सांगितलेली हकिगत नोंदींत तशीच उतरलेली असेल, तर ६५,००० ते ७५,००० च्या दरम्यान कोठेतरी मिटवणे मला वाजवी वाटते. ज्यांनी आपली फाइल पानोपानी वाचली आहे त्या वकिलांचे मत माझ्या मतापेक्षा वजनदार आहे. ते वेगळे असेल तर कोणत्या पानामुळे वेगळे आहे, एवढे त्यांना विचारावे.

आकडा जुळलाच नाही तर दावा बुडत नाही, हे लक्षात असू द्यावे. असे खटले न्यायालयाच्या एका खास विभागात चालतात, तो प्रमुख विशेष न्यायाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे, आणि तेथे रकमेचा प्रश्न दोन्ही पक्षांच्या लेखी युक्तिवादावर, कधी एका छोट्या दूरस्थ सुनावणीनंतर, सोडवला जातो. साक्षीपुराव्याचा लांबलचक खटला चालत नाही. तरीही यात दोन जोखमी आहेत. एक म्हणजे वेळ. आपला निर्णय यायला आणखी बरेच महिने लागतील. दुसरी अधिक महत्त्वाची : वाटाघाटीत देऊ केलेल्या ५२,५०० ला सरकार लेखी युक्तिवादात बांधील नसते. तेथे ते त्याहून खालचा आकडा मांडू शकते, आणि निर्णय बहुतेक वेळा दोन्ही आकड्यांच्या मध्ये कोठेतरी पडतो. म्हणून शेवटच्या पाच हजारांसाठी निर्णयाची वाट धरणे मला शहाणपणाचे वाटत नाही. वीस हजारांचे अंतर उरले तर मात्र धरावी.

मिटले तर पुढे काय होते, तेही सांगते, कारण या टप्प्यावर अनेकांना फसवल्यासारखे वाटते. सरकारी वकील आपल्या वरिष्ठांची मंजुरी घेतात. त्यात काही आठवडे जातात आणि तोवर आपल्या हाती लेखी काहीच नसते. नंतर ते न्यायालयात एक ‘प्रॉफर’ सादर करतात, म्हणजे सरकार इतकी रक्कम देय मानते आणि अर्जदाराला ती मान्य आहे असे निवेदन. हक्क मान्य झालेल्या दाव्यांत हाच मार्ग असतो. हक्क मान्य न करताच सरकार तडजोड करते तेव्हा ‘स्टिप्युलेशन’ होते आणि त्यात लसीमुळे इजा झाली हे सरकार नाकारते, तरी पैसे देते. आपल्याला त्याची गरज नाही. प्रॉफरवर न्यायाधिकारी निर्णय देतात, फेरतपासणीचा हक्क दोन्ही पक्षांनी सोडला की लगेच हुकूमनामा होतो, आणि आपण तो स्वीकारत असल्याचे लेखी कळवले की रक्कम एकरकमी मिळते. हुकूमनामा नाकारून लस बनवणाऱ्यावर किंवा टोचणाऱ्यावर दिवाणी दावा लावण्याचा पर्याय ९० दिवस खुला असतो. खांद्याच्या इजेसाठी तो घेण्यात अर्थ नाही. स्वीकारल्यानंतर तो कायमचा बंद होतो. शारीरिक इजेपोटी मिळणारी ही भरपाई संघराज्याच्या आयकरातून मुक्त आहे.

प्रश्न : माझी आई सांगलीहून सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आली होती. येथे असताना आम्ही तिला फ्लूची लस दिली आणि तेव्हापासून तिचा उजवा खांदा धरला आहे. ती परत गेली, सांगलीत उपचार चालू आहेत. ती अमेरिकेची नागरिक नाही, कर भरत नाही, आता येथे राहतही नाही. तिला हा दावा करता येईल का?

उत्तर : करता येईल. कायदा पाहतो ते लस कोठे टोचली गेली ते. आणि ती अमेरिकेत टोचली गेली आहे. नागरिकत्व, ग्रीन कार्ड किंवा येथील वास्तव्य यांची अट नाही. त्यांना न्यायालयात येण्याची गरज बहुधा पडणार नाही. सांगलीत बसून केलेले लेखी निवेदनही चालते. ‘अमेरिकेच्या कायद्यानुसार खोटे बोलल्यास शिक्षेस पात्र राहीन’ असे ठरावीक वाक्य त्यात घालून तारखेसह सही केली की नोटरीही लागत नाही.

खरे काम कागदपत्रांचे आहे. फार्मसीकडून लसीची नोंद आजच मागवावी आणि तिच्यात लस कोणत्या दंडावर दिली ते काय लिहिले आहे ते पाहावे. संगणकातील हा रकाना पुष्कळदा सवयीने ‘डावा’ असा भरला जातो, आणि मग उजवा खांदा दुखणाऱ्या अर्जदाराला एका शब्दाशी झगडावे लागते. झगडता येते, पण त्यासाठी पुढच्या प्रत्येक वैद्यकीय नोंदीत उजव्या खांद्याचाच उल्लेख सातत्याने हवा. सांगलीतील डॉक्टरांच्या केसपेपरवर अनेकदा दोन औषधे आणि एक अक्षर न लागणारी ओळ एवढेच असते. त्यांना विनंती करून तारीखवार, टंकलिखित वैद्यकीय अहवाल घ्यावा : त्रास कधी सुरू झाला असे रुग्णाने सांगितले, हालचाल किती अंश, कोणते उपचार. मराठीतील कागद असतील त्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे. मालिश आणि शेक यांची नोंद कोठेच होत नाही. ते उपचार म्हणून जमेस धरले जातील अशी आशा ठेवू नये आणि केवळ त्यावर सहा महिने काढू नयेत.

मुदत पहिले लक्षण दिसल्यापासून ३६ महिने आहे आणि ती ओलांडली की दावा जवळजवळ नेहमीच संपतो. तीन वर्षे खूप वाटतात, पण अखेरच्या महिन्यांत आलेले प्रकरण घ्यायला वकील नाखूश असतात. सहा महिने त्रास टिकल्याची नोंद झाली की लगेच वकील गाठावा.

याच पत्रात आपण विचारले आहे की लस सांगलीतच घेतली असती तर? मग या योजनेत शिरकाव फार अवघड होता. अमेरिकेबाहेर घेतलेल्या लसीसाठी, सैनिक व सरकारी कर्मचारी वगळता, लस बनवणारी कंपनी अमेरिकेतील असावी लागते आणि लस घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती व्यक्ती अमेरिकेत परतलेली असावी लागते. भारतात खासगी दवाखान्यात पैसे भरून घेतलेल्या लसीबाबत निष्काळजीपणाची तक्रार ग्राहक आयोगापुढे दोन वर्षांत करता येते, मात्र तेथे टोचणाऱ्याचा दोष सिद्ध करावा लागतो. तो रस्ताच निराळा आहे.

प्रश्न : वय ५८. एकाच भेटीत नागिणीची लस आणि कोविडची लस, दोन्ही डाव्या दंडावर घेतल्या. खांद्याला इजा झाली. वकिलाने फोनवरच ‘हे आमच्याकडे बसत नाही’ म्हणून सांगितले. असे कसे?

उत्तर : वकिलांनी सांगितले ते कटू असले तरी बरोबर आहे. ही योजना मुळात मुलांच्या लसींसाठी झाली आणि आजही तिच्यात शिरण्यासाठी लस मुलांना किंवा गरोदर स्त्रियांना नियमित देण्याची शिफारस झालेली असावी लागते. शिवाय तिच्यावर तो ७५ सेंटांचा कर बसलेला असावा लागतो. हंगामी फ्लू, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हेपटायटिस ए आणि बी, एचपीव्ही, गोवर-गालगुंड-रुबेला या लसी त्यात आहेत, आणि त्या प्रौढांनी घेतल्या तरी चालतात. पन्नाशीनंतर घेतली जाणारी नागिणीची लस त्यात नाही. भारतात जाण्याआधी आपण घेतो त्यांपैकी विषमज्वराची लस नाही, हेपटायटिस ए ची आहे.

नागिणीच्या लसीने झालेल्या इजेसाठी आपल्या राज्याच्या कायद्यानुसार निष्काळजीपणाचा नेहमीचा दावा करावा लागतो. तेथे सुई चुकीच्या जागी टोचली हे सिद्ध करायचे असते आणि मुदतही आखूड असते. न्यू जर्सीत ती सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. कोविडच्या लसीसाठी वेगळी सरकारी भरपाई योजना आहे, तिच्यात अर्ज लस घेतल्यापासून एका वर्षात करायचा असतो, न्यायालय नसते, वकिलाचे शुल्क मिळत नाही आणि वेदनांपोटी काहीही दिले जात नाही. विम्याने न भरलेला खर्च आणि बुडालेली कमाई, एवढेच. आपले वर्ष उलटले नसेल तर तो अर्ज मात्र जरूर करावा.

दोन सुया एकाच दंडावर असल्याने कोणत्या सुईने इजा केली हा वाद दोन्हीकडे निघेल. यासाठीच, एका भेटीत दोन लसी घ्यायच्या झाल्या तर एक डाव्या आणि एक उजव्या दंडावर मागून घ्याव्यात आणि तशी नोंद झाल्याचे काउंटरवरच पाहावे. बाही मानेकडून खाली ओढण्याऐवजी पूर्ण वर गुंडाळता येईल असा कपडा घालून जावे आणि टोचणाऱ्याने उभे राहून वरून टोचण्याऐवजी बसून समोरून टोचावे असे सांगायला संकोच करू नये. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली, ही जागा.

प्रश्न : भरपाईतून वकील किती टक्के घेतात? एका ओळखीच्यांनी ‘तेहतीस टक्के जातात’ असे सांगितल्यामुळे मी अजून वकिलाकडे गेलेलो नाही.

उत्तर : शून्य. मोटार अपघाताच्या दाव्यांत टक्केवारी चालते, येथे कायद्यानेच मनाई आहे. वकिलांचे शुल्क आणि खर्च न्यायालय स्वतंत्रपणे ठरवते आणि ते त्याच निधीतून, आपल्या रकमेला हात न लावता, दिले जातात. दावा हरला तरी तो प्रामाणिकपणे आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर शुल्क मिळू शकते. कोणी आपल्याकडून टक्केवारीच्या करारावर सही मागितली तर ती करू नये आणि दुसरा वकील पाहावा. किती दिवस थांबला आहात ते आपण लिहिलेले नाही. ३६ महिन्यांची मुदत वर सांगितली आहे, ती आजच मोजावी.

प्रश्न : माझा दावा मिटला, रक्कम मान्य आहे. परंतु निर्णय इंटरनेटवर कोणालाही वाचता येतो असे कळले. माझ्या नोंदींत नैराश्यावरच्या उपचारांचा उल्लेख आहे. समाजातले लोक, उद्या मुलीच्या सासरचे, सगळे वाचतील. काही करता येते का?

उत्तर : येते, पण हाती फार थोडे दिवस असतात. निर्णय दिल्यानंतर १४ दिवसांच्या आत न्यायालयाकडे अर्ज करून, ज्याच्या प्रकटीकरणाने खासगीपणाचा अवाजवी भंग होईल असा वैद्यकीय तपशील प्रसिद्ध प्रतीतून वगळण्याची विनंती करता येते. नावाऐवजी केवळ आद्याक्षरे ठेवण्याची मागणीही काही अर्जदार करतात. ती मान्य होईलच असे नाही, कारण निर्णय सार्वजनिक असावेत हे कायद्याचे धोरण आहे, आणि ‘मला संकोच वाटतो’ एवढे कारण पुरत नाही. नैराश्याचा खांद्याच्या दुखण्याशी संबंध नसेल तर तो मजकूर वगळण्याची विनंती मला सबळ वाटते.

दुसरे असे की, रकमेवर सहमती झालेल्या दाव्यांतील निर्णय बहुधा दोन-तीन पानांचाच असतो. त्यात लस, तारीख, इजा आणि रक्कम याखेरीज फारसे काही नसते. ज्याची आपल्याला धास्ती वाटते ते वैद्यकीय कागद प्रसिद्ध होत नाहीत. म्हणून निर्णय हाती आला त्याच दिवशी तो स्वतः वाचावा, नको असलेल्या ओळी अधोरेखित करून वकिलांना पाठवाव्यात आणि १४ दिवस कामाच्या दिवसांचे नव्हेत, शनिवार-रविवार धरून मोजायचे आहेत हे ध्यानात ठेवावे.